अमेरिकेच्या तबकडीतलं गाऱ्हाणं

मुका ग्रामोफोन मी करून देत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे हा लेख वाचून कोणी तसलं काम घेऊन मुलुंडला यायला नको.

अंधेरीचा एक हॉटेलवाला आला होता. चांगला सागवानी पेटीचा ग्रामोफोन, पितळी भोंगा. म्हणाला, "काका, आतलं सगळं काढून टाका. वजन कमी होईल. भोंगा फक्त चमकला पाहिजे, भिंतीवर लावायचाय."

मी म्हटलं, "वाजायला नको?"

"नको हो. स्पीकर आहेत की आमच्याकडे."

"मग सुताराकडे जा. मी वाचा देणारा माणूस आहे, काढून घेणारा नाही."

त्याला वाटलं मी मस्करी करतोय. हसत उभा राहिला. मी त्याचा ग्रामोफोन उचलून त्याच्या हातात दिला आणि दुकानाची पायरी दाखवली. माझ्या मंडळीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आयलेला गिराईक घालवतास. शिकलेले आसतास तर काय केला आसतास?" शिकलेलो असतो तर घालवलं नसतं. म्हणून तर बरं झालं नाही शिकलो ते.

शाळेचं सांगायचं तर चौथीत दोनदा बसलो आणि तिसऱ्यांदा बसलोच नाही. इंग्रजी मला वाचता येत नाही. रेकॉर्डची कंपनी मी कागदाच्या रंगावरून ओळखतो आणि गायक आवाजावरून. ह्या अंकाच्या संपादक बाईंनी लिहा म्हणून गळ घातली तेव्हा मी एकच अट घातली. अक्षर वाकडं असलं तरी वाक्यं माझी सरळ असतात, त्यांना हात लावायचा नाही. आणि कधी जन्मलो, मुंबईला कधी आलो, कोणाच्या हाताखाली शिकलो, ते लिहिणार नाही. त्यातलं निम्मं रेशनकार्डावर आहे. मला एका तबकडीबद्दल लिहायचंय.

पण आधी यंत्र समजून घ्या, नाहीतर पुढची गंमत हुकेल.

ग्रामोफोनला वीज लागत नाही. किल्ली फिरवली की पेटीतली पोलादी पट्टी गुंडाळली जाते. ती स्प्रिंग. ती सुटायला बघते आणि तिच्या जोरावर तबकडी फिरते. स्प्रिंग म्हणजे डब्यात बसवलेली नागीण. बेसावध उघडली तर चावते. माझ्या डाव्या अंगठ्याचं अर्धं नख तिनं नेलंय. तबकडी एका चालीनं फिरावी म्हणून आत गव्हर्नर असतो, तीन छोटे गोळे गरगर फिरतात आणि वेग आवरून धरतात. वर एक स्क्रू असतो, त्यानं वेग कमीजास्त करता येतो. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. तबकडीखाली कागदाचा कपटा अडकवायचा, घड्याळ समोर ठेवायचं आणि कपटा किती वेळा समोरून गेला ते मोजायचं. आमच्या धंद्यात अठ्ठ्याहत्तर हा वेदातला आकडा. निदान मी तसं मानत होतो.

तबकडी लाखेची. लाख आणि दगडाची पूड. आवाज तिच्या बारीक रेघेत कोरलेला असतो. सुई त्या रेघेतून चालते, थरथरते, ती थरथर अभ्रकाच्या चकतीला लागते आणि भोंग्यातून माणूस बोलतो. मधे काहीच नाही. माणसाच्या घशापासून तुमच्या कानापर्यंत नुसती थरथर. पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची. तबकडीतली दगडाची पूड तिचं टोक झिजवते आणि झिजलेली सुई मग रेघ खरवडते. एक बाजू, एक सुई. फेकून द्यायची, दुसरी घ्यायची. लोक ह्यात कंजुषी करतात आणि मग म्हणतात, आवाज जुना झाला. आवाज जुना होत नाही, तुम्ही खाल्लात तो.

आता सुनंदाबाई.

एका सकाळी त्या दुकानात आल्या. साठीच्या, घाटकोपरला महापालिकेच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. छातीशी उशीचा अभ्रा धरलेला, त्यात तबकडी. तान्हं मूल डॉक्टरकडे आणावं तशी धरलेली.

"घाडीकाका तुम्हीच का?"

"मीच."

"रागावू नका हं. माझ्या हातून चूक झालीय."

त्यांनी अभ्र्यातून तबकडी काढली. काठापासून मधल्या कागदापर्यंत आरपार चीर. आणि आतल्या रेघांवर, गोल फिरवून पुसल्यासारखा, बोटभर रुंद डाग, पांढरा, राखेसारखा, चकाकी गेलेला.

"काय लावलंत हिला?"

"सॅनिटायझर."

मी खुर्चीत बसलो. सांगतो का ते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणारा लाख स्पिरिटमध्येच तर कालवतो. करोनानंतर लोकांच्या घरोघरी ती बाटली आली आणि जे दिसेल ते पुसायची सवय लागली. लाखेच्या तबकडीवर ते म्हणजे मिठाच्या खड्यावर पाणी.

"बाई, तुम्ही मास्तरीण ना?"

"आहे हो. म्हणून तर जास्त लाज वाटते."

मग त्यांनी सगळं सांगितलं. ती तबकडी त्यांच्या आजोबांची. आजोबा गोदीत हमाल होते आणि रविवारी जलशात गात. जलसा म्हणजे त्यांच्या समाजाला जागं करणारी गाणी, पुढे एक शाहीर आणि मागे "जी जी रं जी" म्हणणारे साथीदार. आजोबा मागचे, झीलकरी. दुसऱ्या लढाईत गोदीत अमेरिकेचं जहाज लागलं होतं. त्यावरच्या एका काळ्या शिपायाची पेटी आजोबांनी उचलली. तो शिपाई धक्क्यावर बसून आपल्या छोट्या ग्रामोफोनवर हीच तबकडी वाजवत होता. आजोबा ऐकत उभे राहिले आणि न राहवून, जिथं मोकळी जागा आली तिथं म्हणाले, "जी!" शिपाई दचकला. तबकडी पहिल्यापासून लावली. आजोबा पुन्हा बरोबर त्याच जागी, "जी!" शिपाई एवढा हसला म्हणे, की जाताना तबकडीच देऊन गेला.

"पण आहे काय हिच्यावर? गाणं?"

"नाही काका. प्रवचन आहे." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "नाव खरवडलं गेलंय. एवढंच वाचता येतं, प्रवचन, गायनासह."

प्रवचनाची रेकॉर्ड! इतकी वर्षं दुकानात बसलो. नाटकाची पदं आली, कव्वाली आली, भाषणं आली, कोणा संस्थानिकाच्या कुत्र्याचं भुंकणंसुद्धा आलं. हे नव्हतं आलं.

बाईंनी ह्याची माहिती काढली होती. म्हणाल्या, आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांची लेकरं-नातवंडं तिकडे अमेरिकेत. शंभर वर्षांपूर्वी त्यांच्या पाद्र्यांची प्रवचनं कंपन्यांनी तबकड्यांवर घेतली, आणि ती अशी खपली की गाण्यांनाही मागे टाकावं. पुढे मंदी आली, लोकांकडे तबकडीला पैसे उरले नाहीत, आणि तो प्रकार आटत गेला.

"चर्चमध्ये तास-तास बोलणारा माणूस," बाई म्हणाल्या, "आणि तबकडीवर जागा तीन मिनिटांची."

"आणि 'गायनासह' म्हणजे? वाजंत्री?"

"नाही. त्याच्या चर्चमधली चारसहा माणसं. स्टुडिओत ती बरोबर न्यायची. तो बोलणार, ती उत्तर देणार. मुक्या यंत्रापुढं एकट्यानं बोलवत नाही ना."

हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. का ते थोड्या वेळानं सांगतो.

आता बाईंची अडचण ऐका. त्यांचे वडील, आबा, नव्वदीचे. ती तबकडी ऐकतच मोठे झालेले. रविवारी आजोबा ती लावायचे आणि सगळं घर मागून "जी" म्हणायचं. मग घरातला ग्रामोफोन मोडीत गेला, तबकडी पेटीत राहिली. आता आबांचे कान जायला लागले. एक पूर्ण गेलाय, दुसरा अर्धा. त्यांनी लेकीला सांगितलं, सगळं बंद व्हायच्या आत तेवढं एकदा ऐकव. बाईंनी एका स्टुडिओत जाऊन कॉम्प्युटरवर प्रत करून आणली. स्टुडिओवाल्यानं मायेनं सगळी खरखर साफ केली. आबांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी थोडं ऐकलं आणि काढून ठेवला.

"म्हणाले, माणसं कुठं गेली?" बाई सांगत होत्या. "मी म्हटलं, आबा, तोच आहे. तर म्हणाले, तो आहे. माणसं नाहीत."

कॉम्प्युटरनं खरखरीबरोबर मागची माणसंही धुऊन टाकली होती! मागचं गुणगुणणं, हुंकार, ती लांबून येणारी उत्तरं, त्याला तो सगळा कचराच वाटला. कच्ची प्रत ठेवलेली नव्हती. बाईंना वाटलं, तबकडीच मळकी असेल, म्हणून माणसं ऐकू येत नाहीत. घेतली बाटली, दाबून पुसली, आणि काठाला आधीपासून असलेली केसासारखी चीर कट्कन आत धावली. आता स्टुडिओवाला हात लावायला तयार नाही.

"एकदाच वाजवून द्या काका," त्या म्हणाल्या. "फक्त एकदा. माणसांसकट."

मी म्हटलं, "ठेवून जा."

ते काम मी आठवडाभर केलं. चिरेची एक बाजू दुसरीपेक्षा किंचित वर असली की सुई तिथं ठेचकाळते आणि उडते. पायरी चढताना ठेच लागते, उतरताना नाही. म्हणून तबकडीखाली एका बाजूला पातळ कागद घालून ती अशी बसवायची की सुई नेहमी पायरी उतरत जाईल. मी पतंगाचा कागद लावून बघितला, वर्तमानपत्राचा लावून बघितला, शेवटी बसला तो औषधाच्या खोक्यातला माहितीचा कागद. काठाला थेंबभर चिकट द्रव. तोही रेघांच्या बाहेर. पांढऱ्या डागाला काहीच करता येत नाही. विरघळलेला आवाज परत येत नाही.

पोलादी सुई लावायची मला हिंमत नव्हती. मी बांबूच्या सुया स्वतः तासतो. बांबूची सुई तबकडीला जपते, आवाज मात्र निम्मा. ती लावली आणि ठरवलं, पहिल्या दहा रेघा फक्त. सुई चिरेवरून जाते का बघायचं आणि उचलायचं.

खर्र, टक्. खर्र, टक्. आणि माणूस बोलायला लागला.

आधी सावकाश. घरातला मोठा माणूस ओटीवर बसून काही समजावतो तसा. मग आवाज वर चढायला लागला. प्रत्येक ओळीच्या शेवटी श्वास असा टाकायचा, हः! घणाचा घाव घालणारा टाकतो तसा. आणि त्या श्वासाच्या मागून, लांबून, दोन बाया आणि एक पुरुष, काहीतरी म्हणाले. पुन्हा ओळ, हः! पुन्हा ती माणसं. आता तो बोलत नव्हता आणि गातही नव्हता. मधलंच काहीतरी. आणि मी, मुलुंडच्या दुकानात, भर दुपारी, मोठ्यानं ओरडलो,

"व्हय म्हाराजा!"

बाजूचा झेरॉक्सवाला धावत आला. "काय झालं काका? शॉक लागला?"

"ग्रामोफोनला शॉक असतो का रे? जा तू."

आता काट्याचं सांगतो. आम्ही घाडी. सिंधुदुर्गातले. आमच्या गावात देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. माझा बाप देवळासमोर उभा राहायचा. मागे सगळा गाव. बाप म्हणायचा, "बा देवा म्हाराजा, आज तुझ्या दाराक लेकरां जमली हत!" आणि सगळा गाव म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" "कोणी वाटेत काटो टाकलो आसात तर तो काढून टाक!" "व्हय म्हाराजा!" प्रत्येक ओळीला आवाज वर वर. शेवटी शेवटी बापाच्या मानेच्या शिरा उभ्या राहायच्या आणि मी, एवढासा, पुढच्या रांगेत, घसा फुटेस्तोवर व्हय म्हाराजा.

बाप मुंबईला आला होता तेव्हा माझ्याकडे रेकॉर्ड करायचा टेप होता. मी म्हटलं, "दादा, गाऱ्हाणा घाल, भरून ठेवतंय." तो टेपसमोर बसला. "बा देवा म्हाराजा" म्हणाला आणि थांबला. मागून कोणी काही बोललं नाही. मी बटणं बघत होतो. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबला. मग म्हणाला, "यंत्र व्हय म्हणना नाय रे." आणि उठला. मला तेव्हा राग आला होता. आता कळतं, मी बटणं सोडून व्हय म्हणायला हवं होतं. तिकडच्या पाद्र्यांना जे कळलं, माणसं बरोबर न्यायची, ते वाचा देणाऱ्या ह्या माणसाला कळलं नाही. बापाचा आवाज माझ्याकडे नाही. लोकांच्या आजोबांचे आवाज मी दुरुस्त करतो.

दहा रेघा म्हणता म्हणता मी तबकडी मिनिटभर चालू दिली होती. पांढऱ्या डागाच्या अलीकडे हात पुढे करून सुई उचलली. नाहूरला घरी गेलो तो जिन्यातही हसत होतो. मंडळी म्हणाली, "काय झाला?"

"अमेरिकेत गाऱ्हाणा घालतत गो!"

"तो काय म्हणता तां तुमका कळता काय?"

"नाय."

"मगे हसतास कित्याक?"

"तुका काय सगळा कळता म्हणान हसतंस?"

शनिवारी दुपारी रिक्षात मांडीवर पेटीचा ग्रामोफोन आणि वर तबकडी घेऊन घाटकोपरला गेलो. रिक्षावाल्याला सांगितलं, खड्डा चुकव, तबकडीत शंभर वर्षांचा माणूस आहे. तो सारखा आरशात बघत होता.

आबा खिडकीशी बसलेले. खादीचा सदरा, भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यांच्याखाली आजोबांचा डफ. मला बघून मोठ्यानं म्हणाले, "तूच का भोंगेवाला?"

"मीच. घाडी."

"मोठ्यानं बोल. आवाज माझ्या कानाच्या दारात बसून राहतो, आत यायला वेळ लागतो." आणि स्वतःच हसले.

बाईंनी मोबाइल फळीवर ठेवून त्यात आवाज भरायची सोय केली. मी ग्रामोफोन टेबलावर ठेवला, किल्ली दिली, कपटा लावून अठ्ठ्याहत्तर मोजले, बांबूची सुई चढवली आणि तबकडीवर टेकवली.

मी आबांच्या तोंडाकडे बघत होतो. काही नाही. त्यांनी कानामागे हात धरला. मग पुढे वाकून पेटीच्या लाकडावर पंजा ठेवला. आणि मान हलवली.

"पुटपुटतोय. आणि घाईत आहे."

मी सुई उचलली. "घाईत? कोण?"

"हाच. हा तो नाही. ह्याला गाडी पकडायचीय का?"

"आबा, अठ्ठ्याहत्तर आहेत. आत्ता मोजले."

"मोजले असशील. तो असा धावत नव्हता."

आता माझ्याच पेशात मला कोणी शिकवलं की मी माझा राहत नाही. म्हटलं, "आबा, हे काम मी तुमच्या लेकीच्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं केलंय. अठ्ठ्याहत्तर म्हणजे अठ्ठ्याहत्तर. तुमचे कान..."

"कान गेले माझे. हात आहेत ना?"

आणि त्यांनी टेबलावर हात मारायला सुरुवात केली. धप्. थांबून, धप्. डोळे मिटलेले. "इथं तो श्वास टाकतो. इथं आम्ही म्हणायचो. बाबा डफावर थाप मारायचे, तशीच." धप्. धप्. एक थाप पुढे नाही, एक मागे नाही. ऐंशी वर्षांपूर्वीचा ठेका तो माणूस तळहातात घेऊन बसला होता.

मला एकदम आठवलं. फार जुन्या तबकड्या कंपन्या मनाला येईल त्या वेगानं भरायच्या. कोणी पंचाहत्तर, कोणी ऐंशी. माझे वस्ताद सांगायचे, आधी कानाला विचार, मग आकड्याला. मी ते विसरलो होतो. वेदातला आकडा ना माझा.

मी निमूट सुई पुन्हा टेकवली, पहिल्याच रेघांवर, आणि आबांच्या थापेकडे बघत स्क्रू फिरवत गेलो. पाद्र्याचा श्वास थापेच्या आधी पडत होता. थोडा आवळला. अजून थोडा. हः आणि धप् एकावर एक आले आणि आवाज असा खाली बसला, की आत्तापर्यंत पोरगं बोलत होतं आणि आता बाप बोलायला लागला.

"हां," पेटीवर दुसरा हात ठेवून आबा म्हणाले. "आला. पण लांब आहे. जवळ आण की."

जवळ आणायचं म्हणजे पोलादी सुई.

मी बाईंकडे बघितलं. "बाई, बांबूवर हिचा आवाज एवढाच. पोलादी लावली तर आबांना पोचेल. पण चिरेवर पोलाद आपटेल. तबकडी टिकेल ह्याची हमी मी देणार नाही. तुमच्या आजोबांची ही एवढीच वस्तू ना?"

"डफ आहे," बाई म्हणाल्या. एकदा त्यांच्या हातून तिचं वाटोळं झालं होतं, आता दुसऱ्यांदा त्यांनीच हो म्हणायचं होतं.

"काय म्हणतोय हा?" आबांनी विचारलं.

बाई त्यांच्या कानाशी वाकून ओरडल्या, "मोठ्यानं लावली तर फुटेल म्हणतात!"

"मग काय झालं? मी काय अखंड आहे?" आबा म्हणाले. "सुनंदे, पेटीत अखंड ठेवून ती मला ऐकू येणार आहे का?"

बाई सरळ उभ्या राहिल्या. शाळेत राहत असतील तशा. "पोलादी सुई लावा, काका."

आमच्या धंद्यात तबकडी वाचवणं हे पुण्य. मी त्या दिवशी तबकडी वाचवायलाच आलो होतो, ऐकवायला नव्हे. तेवढं कळलं आणि डबीतली सगळ्यात जाड, म्हणजे सगळ्यात मोठ्या आवाजाची, सुई लावली.

खोली भरून गेली! काय सांगू तुम्हाला. तो पाद्री भिंतीतून बाहेर आला. आबांचे दोन्ही पंजे पेटीवर, पेटी थरथरतेय, आबांची मनगटं थरथरतायत. चीर आली की टक्, टक्, टक्, आणि प्रत्येक टक्ला माझा जीव वर. बाईंनी मला आधी सांगून ठेवलं होतं, गोष्ट बायबलातली आहे. गुलाम पळतायत, मागे राजाची फौज, पुढे समुद्र, आणि समुद्र दुभंगतो. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण गोदीत ऐकून 'वॉटर' एवढं कळायचं. ते घरात सांगायचे, हा आपल्या बाबासाहेबांच्या तळ्याचंच सांगतोय, पाण्याला हात लावा म्हणतोय. बाई पुढे शिकल्या तेव्हा त्यांना खरी गोष्ट कळली, पण आजोबांची चूक त्यांनी कधी सुधारली नाही.

पाद्री चढत चालला. ओळ, हः! मागून बाया. आबांचे ओठ हलायला लागले. "जी." पुटपुटल्यासारखं. ओळ, हः! "जी!" आता खोलीत ऐकू आलं. आणि मग सुई पांढऱ्या डागावर आली.

सगळं गेलं. पाद्र्याचा आवाज लांब कुठंतरी, आणि त्यावर नुसता रेतीचा पाऊस. मागची माणसं तर पुसलीच गेली. सुनंदाबाईंनी तोंडावर हात धरला. त्यांनीच पुसलेली जागा ती.

पण आबांच्या तळहाताला ते कळलंच नाही. त्याचा ठेका चालूच होता. नेमक्या जागी ते ओरडले, "जी!" मी बघितलं, पुढची जागा येतेय. रेतीत काही ऐकू येत नाही, पण धप् येणार हे कळतं. मी तोंड उघडलं आणि बाप टेपसमोर बसलाय असं समजून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

आबांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पुढची थाप. "जी!" त्यांचा. "व्हय म्हाराजा!" माझा. आणि तिसऱ्या थापेला बाईंचा हात तोंडावरून खाली आला. "जी जी रं जी!" लहानपणी लाजून मागे उभ्या राहायच्या, त्यांनीच मग सांगितलं. आता अशा म्हणाल्या, की समोरच्या खिडकीतली बाई पडदा सारून बघायला लागली. बघू दे. आम्ही तिघं आणि तो एक, समुद्र ओलांडत होतो.

डाग संपला. पाद्री परत आला, त्याची माणसं परत आली, आणि आमचं "जी" आणि "व्हय" त्यांच्या उत्तरावर असं बरोबर जाऊन पडलं, की कोण तबकडीतलं आणि कोण खोलीतलं, मला खरंच सांगता आलं नसतं. शेवटी सगळी माणसं मिळून गायला लागली आणि रेघ संपली. खर्र, टक्. खर्र, टक्.

मी सुई उचलली. तबकडी हातात घेऊन उजेडाकडे धरली. चीर तेवढीच होती, चिकटवलेला काठ मात्र सुटत आला होता. अजून एकदा कदाचित. कदाचित नाही.

बाईंनी मोबाइल बघितला. सगळं भरलं होतं. आबांच्या बऱ्या कानाशी धरला. ते ऐकत राहिले, बोटानं मोजत.

"हा तो. हा मी. हा कोण?"

"घाडीकाका."

"आणि ही?"

"मी आहे आबा."

"हां," ते म्हणाले. "आली माणसं." मोबाइल त्यांनी बाजूला सारला आणि पुन्हा दोन्ही पंजे पेटीच्या लाकडावर ठेवले. "भोंगेवाल्या, पुन्हा लाव."

"आबा, काठ सुटतोय. ह्या वेळी फुटेल."

"तुझ्या बापानं गाऱ्हाणं एकदाच घातलं होतं का रे?"

त्यांना हे कोणी सांगितलं होतं, तर मीच, मघाशी चहा पिताना, ओरडून. बाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली आणि ह्या वेळी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, घसा साफ करत.

झिजलेली सुई काढून टाकली. डबी उघडली आणि नवी घेतली.